पडद्याआडच्या बाईची ओटी

खाडीवरचा पूल मागे पडला, चढण लागली आणि तुळसा मागे राहिली. अनवाणी जायचं असं बोललेलं होतं, त्यामुळे मीही काही पळत नव्हते. पण तुळसा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि तिच्या पायांना चपलेपेक्षा मातीची सवय जास्त. ती मागे राहते म्हणजे काहीतरी आहे. वळून बघितलं तर बाई जांभ्या दगडाच्या गडग्यावर बसलेली. मांडीवर ओटीची पिशवी, आणि खांद्याला एक कापडी झोळी, जी तिने सकाळपासून मला धरायला दिली नव्हती.

"काय झाला गो? काटो लागलो?"

"नाय."

"मगे चक्कर इली?"

"नाय. वयनी, मी ओटी भरूचंय नाय. तू भर."

सातेरी देवीचं देऊळ अजून चार किलोमीटर होतं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत पोचायचं होतं. "नवस लक्ष्मीचो," मी म्हटलं, "नारळ माझ्या घरचो, तांदूळ नम्रताचे, खण सगळ्यांनी मिळून घेतललो. ओटी तुझ्याच हातान भरूची म्हणान सगळ्यांनी ठरवलेला. आता अर्ध्या वाटेर येऊन तुझा काय?"

तिने झोळी पोटाशी धरली. "नवस फळलो काय नाय, ताच माका म्हायत नाय."

मग मीही गडग्यावर बसले.

इथे थांबून थोडं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल आम्हा दोघींना ऊन लागलं. नवस बोलली आमच्या कारखान्यातली लक्ष्मी, पण तो ज्या बाईसाठी बोलला होता ती आमच्या वाडीतली नव्हे, तालुक्यातलीही नव्हे. ती जपानातली. आणि तिला मरून हजार वर्षं झाली.

तुळसाचं माहेर आणि आमचं घर यांच्यात एक विहीर. ती लहान असल्यापासून तिला बघते. दहावी दुसऱ्या खेपेला सुटली. इंग्रजीत छत्तीस गुण, म्हणजे पास व्हायला लागतात त्यापेक्षा एक जास्त. तो जास्तीचा एक गुण तिला पुढे जन्मभर पुरला. लग्न देवगडाकडे झालं, चार वर्षांत नवरा काविळीने गेला, मूलबाळ नव्हतं, परत भावाकडे आली. भाऊ चांगला, भावजयही वाईट नाही. पण चांगल्या माणसांच्या घरात नुसतं बसून राहणं फार जड जातं. म्हणून सकाळी काजूच्या कारखान्यात आणि दुपारी शंकरकाकांकडे.

शंकरकाका केळुसकर मुंबईच्या गोदीत चौतीस वर्षं कारकून होते. जगभरच्या बोटींचे कागद त्यांनी तपासले आणि स्वतः कधी बोटीवर पाय ठेवला नाही, कारण त्यांना मळमळायचं. कागद लवकर झाले म्हणून एका बोटीवरच्या अधिकाऱ्याने त्यांना एक पुस्तक दिलं: जुन्या चिनी कविता, इंग्रजीत केलेल्या. एखाद्याने घरी नेऊन रद्दीत टाकलं असतं. काकांनी वाचलं. मग फुटपाथवर, रद्दीवाल्यांकडे तसलीच पुस्तकं शोधत राहिले. लग्न केलं नाही, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा बरोबर दोन लोखंडी कपाटं होती, त्यात सगळी चिनी आणि जपानी, हजार-बाराशे वर्षांपूर्वीची, सगळी इंग्रजीत. वाडीतली माणसं बघायला आली.

"काका, चिनी येता तुमका?"

"नाय."

"जपानी?"

"नाय."

"मगे ह्यां कसला?"

"इंग्रजी."

"मगे इंग्रजांचीच वाचूची मां."

चहा थंड होत होता, काकांनी कप उचलला.

पुढे साखरेने त्यांचे डोळे गेले. वाचून दाखवायला माणूस हवं झालं. वाडीत शिकलेल्या मुली होत्या, कॉलेजला जाणाऱ्यासुद्धा. काकांनी दोघी-तिघी लावून बघितल्या आणि शेवटी स्वयंपाकाला येणाऱ्या तुळसालाच पुस्तक धरायला सांगितलं. लोक हसले. काका म्हणाले, "जिका अर्थ कळता ती कंटाळता, मगे ओळी गाळता. तुळसाक अर्थ कळणा नाय, ती एक शब्द गाळूची नाय."

आणि खरंच, आठ वर्षांत तिने एक शब्द गाळला नाही. आपण अर्थ ठाऊक नसताना संस्कृत स्तोत्र कसं म्हणतो, स्वच्छ, मान खाली घालून, तशी ती इंग्रजी वाचायची. पहिल्या वर्षी मी त्यांच्या अंगणावरून जाताना आत पूजा चाललीय असं समजून दोनदा बाहेरूनच हात जोडले. नंतर कळलं की आत कोणी चिनी कवी दारू पिऊन नावेत पडलेला होता.

तिने एक पान वाचायचं, मग काकांनी ते मालवणीत सांगायचं, असा क्रम. ती म्हणाली, काका इंग्रजीवरून सांगत असले तरी इंग्रजीला फार मान देत नसत. "इंग्रजी ही नुसती होडी गो. होडीतच बसान रवलस तर गाव खंय दिसतलो?" एक चार ओळींची कविता त्यांच्याकडे तीन पुस्तकांत होती. एका पुस्तकात रानबदकं घरी परत येत होती, दुसऱ्यात घर सोडून जात होती, आणि तिसऱ्यात बदकंच नव्हती, नुसता वारा होता. तुळसाने विचारलं, ह्यातला खरा कोणता? काका म्हणाले, "तिगवय खरा सांगतत. कवी एकटोच गप आसा."

आता कारखान्याचं. भट्टीतून भाजून आलेल्या काजूगरावर तांबडी साल असते, ती सोलायचं काम आम्हा बायकांचं. समोर सूप, हातात लहान सुरी, ओळीने बसायचं. गर अख्खा निघाला पाहिजे. हात गुंतलेले, कान मोकळे. तुळसा काल दुपारी ऐकलेलं आज सकाळी आम्हाला सांगायची. पण ती सांगायला लागली की तिचे हात थांबायचे, कारण सांगायलाही तिला हातच लागायचे. मग कोणीतरी आपल्या सुपातले मूठभर सोललेले गर तिच्या सुपात टाकले. दुसरीने टाकले. हे कोणी ठरवलं नाही. महिनाभरात असं झालं की तुळसा काहीच सोलत नाही आणि दुपारी निघताना तिचं सूप आमच्याइतकंच भरलेलं असतं. मालकाला कळत होतं. तोही कधीकधी दाराच्या चौकटीला टेकून उभा असायचा, दुसरीकडे बघत.

आधी चिनी झाले. ते सगळे सरकारी नोकरीतले आणि सगळ्यांच्या बदल्या लांब. तिथे बसून चंद्राकडे बघायचं, थोडी घ्यायची, आणि गावची आठवण येते, अंगणातलं झाड आठवतं, म्हणून लिहायचं. नम्रता माझ्या शेजारी बसते, तिचा नवरा परळला. तिने विचारलं, "गणपतीक तरी येतत काय घराक?"

तुळसाने काकांना विचारून दुसऱ्या दिवशी उत्तर आणलं. "नाय येत."

"नुसती कविता धाडतत?"

"व्हय."

"चाकरमानी," नम्रता म्हणाली, आणि जुन्या चिनी साहित्याबद्दल आमच्या कारखान्याचं मत तिथे कायमचं ठरलं.

मग जपानातली बाई आली. तिने स्वतःच स्वतःचं लिहून ठेवलं होतं. राजधानीतल्या एका अधिकाऱ्याची बायको. तिचं नाव पुस्तकात कुठेच नव्हतं. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, एवढंच. शंकरकाकांना याचं फार वाईट वाटायचं म्हणे. आम्हाला काही नवल वाटलं नाही. दिवसभर ती बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआड बसायची, बाहेरच्या माणसांचे तिला नुसते पाय दिसायचे. आम्ही तिला 'पडद्याची बाय' म्हणायला लागलो आणि तिच्या नवऱ्याला 'मामलेदार'. मामलेदाराची बदली समुद्रापलीकडच्या मुलखात झाली. चार वर्षांच्या मुलीला तो बरोबर घेऊन गेला, पुढे मोठ्या घरी द्यायची तर ती बापाच्या नजरेखाली वाढली पाहिजे म्हणून. बायकोला ठेवलं सासूची सेवा करायला.

ती बाई दर वर्षी मुलीसाठी एक कपडा शिवून बोटीने धाडायची. माप नाही. अंदाजाने दर वर्षी थोडा मोठा. त्या कपड्यावरून आमच्यात वाद व्हायचे. सूप बाजूला ठेवून बायका हवेत हाताने उंची दाखवायच्या: एवढी असेल, नाही, एवढी. ओळीच्या टोकाला लक्ष्मी बसते. ती वर्षानुवर्षं तिथे बसते आणि दिवसाला दहा शब्द बोलते. ती एकदा मान वर न करता म्हणाली, "सातव्या वर्सा चेडू एकदम वाढता. दोन बोटां जास्त धरूक व्हयी होती."

 लक्ष्मीचा नवरा तिला टाकून सहा वर्षांच्या मुलीला घेऊन हुबळीकडे गेला, त्याला अकरा वर्षं झाली. आम्ही सगळ्यांनी घाईघाईने काजू सोलले.

ते पुस्तक अशा जागी संपलं: नवव्या वर्षी पत्र येतं की मुलीला घेऊन बोट तिकडून निघाली आहे. पडद्याची बाय उठते आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या हाताने पडदा वर करते. झालं. पहिला भाग समाप्त.

"दुसरो भाग खंय आसा काका?" तुळसाने विचारलं.

दुसरा भाग काकांनी तीस वर्षांत मागवलाच नव्हता. मिळत होता, परवडत होता, मागवला नाही. का, तर म्हणाले, "पुस्तक संपला काय माणूस उठान जाता."

त्याच वर्षी भाद्रपदात शंकरकाका झोपेतच गेले. पुण्याहून त्यांची पुतणी अनुजा आली, कपाटांना कुलूप लावलं, तुळसाला काकांचा रेडिओ आणि ते पहिल्या भागाचं पुस्तक दिलं.

पावसापासून बंद असलेला कारखाना मार्चमध्ये हंगाम आला तसा उघडला, आम्ही ओळीने बसलो, आणि सगळ्यांनी एकदम त्या मुलीचं विचारलं: चेडू पोचला काय?

तुळसाने आठ दिवस बोट समुद्रातच ठेवली. एक दिवस वादळ, दुसऱ्या दिवशी शीड फाटलं, तिसऱ्या दिवशी धुकं. नवव्या दिवशी लक्ष्मीने सुरी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ता चेडू आवशीक गावला तर सातेरीची ओटी भरतलय. पावसाच्या आधी. चलत जातलय, पायात काय घालूचंय नाय."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुळसाने बोट किनाऱ्याला लावली. काय सांगितलं तिने त्या दिवशी. मुलगी गुडघाभर पाण्यातून चालत आली. आईने ओळखलं, मुलीने ओळखलं नाही. आईने पानावर घावणे वाढले आणि नारळाचा रस. मुलीने ते खाल्ले. मग आईने त्या वर्षीचा शिवलेला कपडा तिच्या अंगाला लावून बघितला, तर तो दोन बोटं आखूड झाला. जपानात घावणे करतात याचं त्या दिवशी आमच्यापैकी एकीलाही नवल वाटलं नाही. तुळसाच्या सुपातून गर खाली सांडले, इतके आम्ही टाकले. लक्ष्मीने डबा उघडला आणि पूर्ण संपवला.

म्हणजे नवस फळला, आता फेडायला हवा. तर लक्ष्मीला सुतक आलं. नवऱ्याचा चुलता वारला. नवऱ्याने टाकली तरी त्याच्या भावकीचं सुतक काही टाकत नाही. देवळात जाता येईना, तिच्या घरातला तांदळाचा दाणा ओटीला चालेना, आणि दिवस तर संपत आले. म्हणून सगळ्यांनी मिळून ओटी जमवली. न्यायला दोघी नेमल्या: तुळसा, कारण बाई तिची, आणि मी, कारण माझ्याकडून देवाधर्माचं चुकत नाही असा माझ्याबद्दल समज आहे.

तर अशा त्या ओटीची पिशवी मांडीवर घेऊन तुळसा गडग्यावर बसली होती.

"काकांनी सांगूक नव्हता?" मी विचारलं. "चेडू इला ता?"

"काकांकाच म्हायत नव्हता."

"म्हणजे घावणे..."

"माझे."

"आणि ती दोन बोटां?"

"ती लक्ष्मीची."

एक दुचाकीवाला आमच्याकडे बघत गेला. दोन बायका अनवाणी गडग्यावर, एकीच्या मांडीवर ओटी. त्याला वाटलं असेल दमल्या.

"मगे आठ दिवस बोट समुद्रात ठेवलंस ती?"

"काय करूचा ता माका सुचत नव्हता म्हणान." मग म्हणाली, "लक्ष्मीन नवस बोलल्यार माझ्या हातात काय रवला नाय."

खरं सांगायचं तर मला राग आला. तिने खोटं सांगितलं म्हणून नव्हे. मला ते फार आवडलं होतं, आणि आता ते परत द्यावं लागणार की काय म्हणून. मी म्हटलं, "मेल्या माणसाची गोष्ट. म्हायत नाय तर नाय. तुझा सांगणा ताच खरा धर."

तेव्हा तिने झोळी उघडली. आत नवं कोरं जाड पुस्तक. अनुजाने पुण्याहून पाठवलेलं. तुळसाने काकांसाठी इतकं केलं, तर तिला आनंद होईल म्हणून कुठूनसा दुसरा भाग मागवून कुरियरने धाडला होता. चांगल्या मनाने माणूस काय काय करतं.

"अकरा दिवस झाले," तुळसा म्हणाली. "पयला पान वाचलंय. नुसतो बर्फ पडता. मगे बंद केलंय."

"तुका कळला? काकांशिवाय?"

"आठ वर्सां वाचलंय वयनी. बर्फ कळता."

"मगे एकदम शेवटचा पान वाच नी मोकळी हो."

"आणि ता चेडू इला नसला तर? लक्ष्मीक काय सांगू?"

"लक्ष्मीक काय सांगू नको."

"आणि देवीक? ती तर समोरच बसलेली."

आता ही गोष्ट माझ्या खात्यातली झाली. मुलगी आली असेल आणि ओटी भरली नाही तर देवीचं देणं अंगावर राहतं. मुलगी आली नसेल आणि ओटी भरली तर तिच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखं. लक्ष्मीचा हात सुतकात, त्यामुळे जे काय होईल ते आमच्या दोघींच्या हातून. पुस्तक उघडलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण पुस्तक उघडायचं तुळसाच्या जिवावर येत होतं, आणि माझं सगळं शिक्षण मराठी शाळेत. आमच्या घरात इंग्रजी कोणालाच नाही. नात तन्वी आता तिसरीत. तिला जूनपासून इंग्रजी शाळेत घालायचं माझ्या मुलाच्या मनात आहे, माझ्या नाही, आणि त्यावरून घरात दोन महिने धुसफूस चाललीय ती सगळ्या वाडीला माहीत आहे.

"ऊठ," मी म्हटलं. "देवीकच विचारूया. कौल लावूया."

"जपानातल्या बायेचो कौल?"

"नवस चलता, तर कौल कित्याक चलूचो नाय?"

तिला हे पटलं. मलाही बोलल्यावर पटलं.

देवळात पोचलो तेव्हा बाबली गुरव खांबाला टेकून मोबाइल बघत होता, त्याची बायको दुर्वा निवडत होती, आणि गाभाऱ्याच्या दारात कुत्रं झोपलेलं. बाबलीने हात धुतले, पाट मांडला आणि रीतीप्रमाणे विचारायला लागला.

"कौल कोणाच्या नावान?"

"एका बायेच्या."

"नाव?"

"नाव नाय," तुळसा म्हणाली.

बाबलीने वर बघितलं. "नाव नाय म्हणजे?"

"एका मामलेदाराची बायको. इतक्याच म्हायत आसा."

"बरा. मामलेदारीण. गाव खंयचो?"

तुळसाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पूर्वेक."

"म्हणजे घाटावर?"

"घाटाच्याय पलीकडे."

"बेळगाव?"

"थंयसून पुढे."

"पुढे नको. देवीक म्हायत आसतला. काय झाला तिचा?"

"चेडू बापसान व्हेल्यान," तुळसा म्हणाली. "ता आवशीकडे परत पोचला काय नाय, इतक्याच विचारूचा आसा."

"किती वर्सां झाली?"

"बरीच झाली." हे खोटं नव्हतं.

"पोलिसांत दिल्यात?"

"नाय."

"बरा केल्यात," बाबली म्हणाला आणि ताटातली फुलं पाण्यात बुडवली.

बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. फुलाच्या ओल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाबलीने बायकोला सांगून पंखा बंद करवला, कौलाला वारा चालत नाही. कुत्र्याला उठवलं. मग हात जोडून वरच्या सुरात गाऱ्हाणं घातलं.

"बाये सातेरी म्हाराजे, आज ही तुझी लेकरां चलत तुझ्या दारात इली हत. घाटापलीकडल्या एका मामलेदारणीचा चेडू बापसान पाण्यावाटेन व्हेल्यान. ता आवशीकडे सुखरूप पोचला आसात तर उजवी दी, नाय तर डावी दी, आणि हेंच्या जिवाचो घोर दूर कर म्हाराजे."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. बाबलीच्या बायकोनेही दुर्वा निवडता निवडता म्हटलं.

मी मनात हिशेब केला की त्या बाईने लिहून ठेवल्याला हजार वर्षं झाली, तिकडचे विद्वान झाले, इंग्रज झाले, काकांसारखे झाले. तिच्या मुलीसाठी देवापुढे गाऱ्हाणं घालणारा पहिला माणूस बहुतेक बाबली गुरवच.

पाकळ्या काही पडेनात. डावीची कड सुटली आणि थरथरली. तुळसाने माझं मनगट धरलं, तिची नखं रुतली. डावी तशीच लोंबत राहिली. आणि मग उजवी पडली, अलगद, पाटावर.

"पोचला," बाबली म्हणाला. "शंकाच नाय. सुखी आसा चेडू."

तुळसा रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. पदर सारखा करून मला म्हणाली, "बघ वयनी. मिया तसाच सांगललंय." काकांच्या दोन कपाटांतल्या कोणाही लिहिणाऱ्याला आपल्या लिहिण्याबद्दल अशी साक्ष मिळाली असेल असं मला वाटत नाही. तिने ओटी भरली: तांदूळ, खण, सुपारी, नारळ.  लक्ष्मीचं नाव तिने ओठांतल्या ओठांत घेतलं, आणि आणखी कोणाचं तरी घेतलं. जिला नावच नाही तिचं काय घेतलं, ते तिने मला सांगितलं नाही.

परत निघताना पायरीवर बसून आम्ही प्रसादाचं खोबरं खाल्लं. मी म्हटलं, "आता वाच ता पुस्तक. देवीनच सांगल्यान. आता भिया कसला?"

ती खोबरं चावत राहिली. "आणि बर्फाच्या पुढे वेगळाच काय आसला तर?"

"तर ता इंग्रजान चुकीचा केल्यान. तूच सांगतस मां, बदकां तीन तऱ्हेची."

हे मी तिच्यासाठी म्हटलं तितकंच माझ्यासाठी. देवीचा कौल नेऊन एका पुस्तकाशी ताडून बघायचा हे मला बरं वाटत नव्हतं. उजवी पडलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती आणि पुस्तक मला वाचता येत नव्हतं. ज्याला जे वाचता येतं त्याने ते मानावं.

तुळसाने हात पुसले, झोळीतून पुस्तक काढलं, कपाळाला लावलं, जसं आपण पोथीला लावतो, आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"वयनी, ह्यां तुझ्याकडे ठेव. पेटयेत, साड्यांच्या खाली. मी मागूक इलंय तरी देऊ नको. रडलंय तरी देऊ नको."

"मगे काय करू तेचा?"

"मी मेल्यार दहाव्याक कावळ्याची वाट बघतलास मां?"

आमच्याकडे दहाव्या दिवशी पिंड ठेवतात. कावळा शिवला तर माणूस सुटलं. शिवला नाही तर जीव कशात तरी अडकलाय असं धरतात आणि घरची माणसं एकेक आठवून कबूल करत बसतात: शेत विकणार नाही, धाकट्याला सांभाळू, दागिना सुनेला देऊ. कधीकधी दुपार होते.

"कावळो शिवलो तर काय नाय," तुळसा म्हणाली. "पुस्तक अनुजाक परत धाड. पण शिवलो नाय तर भावाक सांग, उगीच काय काय कबूल करत बसू नको. माझो जीव खंय आसा ता तुका म्हायत आसा."

"मी तुझ्यापेक्षा बारा वर्सांनी मोठी गो. माझो कावळो आधी."

"म्हणान तर सांगतंय. तन्वीक घाल त्या इंग्रजी शाळेत, झिलाशी भांडू नको. आणि त्या दिवशी पिंडाकडे उभी रवान शेवटचा पान वाचूक सांग तिका. मोठ्यान. अर्थ कळलो नाय तरी चलात. फक्त एक शब्द गाळू नको म्हणान सांग."